स्टुडिओ मॉनिटर: आलेखातल्या कशाचे पैसे द्यायचे आणि कशाचे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात फ्लॅटमधली १० बाय १२ ची खोली, त्यात भावगीतं, जिंगल्स आणि थोडं पार्श्वसंगीत मिक्स करायचं आहे. बजेट ७० हजार. मॉनिटरच्या, म्हणजे मिक्सिंगसाठीच्या स्पीकरच्या, मोजमापांचे आलेख पाहिले तर ३० हजारांची पाच इंची वूफरची जोडी आणि दोन लाखांची जोडी जवळपास सारख्याच सरळ दिसतात. मग वरचे पैसे कशाचे? आणि ७० हजारांत सरळ आठ इंची जोडी घ्यावी का?

तुम्ही पाहिलेले आलेख खोटे नाहीत. मॉनिटरच्या बरोबर समोर माइक ठेवून घेतलेला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कुठल्या सुराला किती जोर मिळतो ते) आज स्वस्त मॉनिटरमध्येही खरोखर चांगला येतो. क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर स्वस्त झाले, क्रॉसओव्हरचं (खालचा आवाज मोठ्या वूफरला आणि वरचा लहान ट्वीटरला वाटून देण्याचं) काम ध्वनीवर गणित करणाऱ्या डीएसपी चिपवर होऊ लागलं, वेव्हगाईडचा (ट्वीटरभोवतीच्या, आवाजाला दिशा देणाऱ्या खोलगट तोंडाचा) आकार संगणकावर पारखून मग साचा पाडता येतो. जेबीएलने २०१३ च्या सुमारास एलएसआर३०५ आणला तेव्हा त्याचा वेव्हगाईड त्यांच्याच एम२ या मोठ्या, महागड्या मॉनिटरच्या धर्तीवर होता. अशी जोडी एवढ्या किमतीत मिळू लागल्यावर त्या गटात वेडावाकडा रिस्पॉन्स विकणं बाकीच्यांनाही जड गेलं.

पण समोरचा सरळपणा हीच सगळ्यात कमी खर्चात दुरुस्त होणारी गोष्ट आहे. मॉनिटर ३ किलोहर्ट्झला २ डेसिबल वर असेल आणि तो चढ सगळ्या दिशांना सारखा असेल, तर एका फिल्टरने तो खाली येतो, फुकट. म्हणून मी मॉनिटर जोखताना एक कसोटी लावतो: जे ईक्यूने (म्हणजे अशा फिल्टरने) सुधारतं त्याचे पैसे द्यायचे नाहीत, जे ईक्यूने सुधारत नाही त्याचे द्यायचे. या कसोटीने पाहिलं की दोन लाखांचा हिशेब बराचसा लागतो, आणि तुमच्या ७० हजारांचाही.

ईक्यूने न सुधारणारी पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मॉनिटर बाजूंना, वर-खाली काय फेकतो. याला डायरेक्टिव्हिटी म्हणतात. ही गोष्ट ऐकणाऱ्याला इतकी महत्त्वाची का वाटते, याचं पद्धतशीर उत्तर फ्लॉइड टूल यांनी शोधलं. ते कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये ओटावाला होते. तिथे त्यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून, ऐकणाऱ्यांना ब्रँड न कळू देता चाचण्या घेतल्या आणि १९८५-८६ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांचा समोरचा रिस्पॉन्स सरळ आहे आणि बाजूचा आवाजही त्याच वळणाने, खाचखळगे न पडता उतरत जातो, असे स्पीकर बहुतेकांना आवडले. पुढे ते हार्मन कंपनीत गेले. तिथे शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकरची मोजमापं आणि श्रोत्यांनी त्यांना दिलेले गुण यांची सांगड घालून एक सूत्र मांडलं. त्या सूत्राचं भाकीत आणि प्रत्यक्ष गुण यांतला सहसंबंध ०.८६ निघाला.

तुम्ही पाहता तो अनेक रेषांचा आलेख, ज्याला सगळे स्पिनोरामा म्हणतात, याच कामातून आला. २०१३ मध्ये सीईए-२०३४ या नावाने तो अमेरिकेत मानक झाला. स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांवर, अशी एकूण ७० मोजमापं घ्यायची आणि त्यांतून सरासरीच्या रेषा काढायच्या. पूर्वी यासाठी अ‍ॅनेकोइक चेंबर (भिंतींवरून आवाज परत न येणारी खोली) लागायचं. आता ड्रेस्डेनच्या क्लिपेल कंपनीचा नियर फील्ड स्कॅनर स्पीकरभोवती माइक फिरवून साध्या खोलीतही तेवढीच बारीक माहिती काढतो. त्यामुळे कंपनीच्या माहितीपत्रकावर विसंबून न राहता स्वतंत्रपणे घेतलेली मोजमापं सर्वांना पाहता येऊ लागली. या धंद्यात गेल्या काही वर्षांत झालेला हा सगळ्यात चांगला बदल आहे असं मला मनापासून वाटतं.

त्या आलेखात सगळ्यांची नजर वरच्या रेषेवर जाते. तुम्ही आधी खालच्या दोन रेषा बघा, डायरेक्टिव्हिटी इंडेक्सच्या (समोरच्या आवाजाच्या तुलनेत बाजूचा किती कमी, ते सांगणाऱ्या). त्या डावीकडून उजवीकडे सावकाश, एका चालीने चढत गेल्या पाहिजेत. मधेच उंचवटा आणि लगेच खड्डा दिसला, विशेषतः १.५ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, तर तिथे थांबा.

असा खड्डा कुठून येतो? २ किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे १७ सेंटीमीटर असते. आठ इंची वूफरच्या हलणाऱ्या कोनाचा व्यासही जवळपास तेवढाच. तरंगलांबी कोनाएवढी झाली की वूफर टॉर्चसारखा समोरच आवाज फेकायला लागतो, बाजूंना कमी. आणि क्रॉसओव्हरच्या वर एक इंची ट्वीटर कामाला लागला की तो एकदम सगळीकडे पसरवतो. म्हणजे समोर रेषा सरळ, पण बाजूला २ किलोहर्ट्झपाशी घट आणि ४ पाशी उसळी. आता तुमच्या कानावर फक्त समोरचा आवाज येत नाही. १० फुटी खोलीत बाजूच्या भिंतीवरून आलेला आवाज काही मिलिसेकंदांत मागोमाग येतो, टेबलावरून आलेला त्याहूनही लवकर. मेंदू हे सगळं मिळून मॉनिटरचा स्वर ठरवतो. गायिकेचा आवाज समोर भरीव पण खोलीत पातळ ऐकू आला, की तुम्ही २ किलोहर्ट्झ वाढवता आणि तेच गाणं गाडीत कर्कश वाजतं.

इथे ईक्यू का चालत नाही हे ओळखणं महत्त्वाचं. बाजूची घट भरायला २ किलोहर्ट्झ उचललं तर समोरचा आवाज बिघडतो, समोरचा सांभाळला तर बाजूचा. डोक्यावर पांघरूण ओढलं की पाय उघडे पडतात, तसं. चांगला वेव्हगाईड ट्वीटरला क्रॉसओव्हरपाशी थोडा आवळून धरतो, म्हणजे वूफर जितका अरुंद झाला आहे तितकाच ट्वीटरही सुरू होतो. ३० हजारांच्या काही जोड्यांत हे उत्तम साधलेलं आहे आणि लाखाच्या काही जोड्यांत साधलेलं नाही, म्हणूनच किंमत बघण्याआधी ही रेषा बघायची.

उभ्या दिशेचं थोडक्यात. वूफर आणि ट्वीटर एकावर एक असले की क्रॉसओव्हरपाशी वर-खाली काही कोनांत दोघांचे आवाज एकमेकांना खातात. म्हणून मॉनिटर कंपनीने सांगितलेल्या अक्षावर, साधारण ट्वीटरच्या पातळीत, कान हवा. मॉनिटर टेबलावर बसवून छातीकडे रोखलेला असेल तर ते मॉनिटर कितीचे होते याला अर्थ राहत नाही. आडवे ठेवायचेही नाहीत, कारण मग तीच खाच डावी-उजवीकडे येते आणि डोकं जरा हललं तरी आवाज बदलतो. ट्वीटर वूफरच्या मध्यात बसवलेले कोअ‍ॅक्सियल मॉनिटर हा प्रश्न मुळातच मिटवतात. जेनेलेकचे ‘द वन्स’ त्या जातीचे, आणि खूप कमी किमतीत कालीचा आयएन-८ही, ज्यात मधला आणि वरचा पट्टा कोअ‍ॅक्सियल आहे आणि बेसला वेगळा आठ इंची वूफर.

इथे कुणीतरी नक्की म्हणेल, यामाहा एनएस-१० चा आलेख किती वाईट होता, तरी जगभरच्या स्टुडिओंत आणि मुंबईतही तोच कन्सोलवर होता, मग आलेखाचं एवढं काय? हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो मोजमापांच्या विरोधात जात नाही, बाजूनेच जातो. एनएस-१० १९७८ मध्ये घरगुती स्पीकर म्हणून आला आणि २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. मधला पट्टा फुगलेला, खालचा बेस नाही, वरचा आवाज इतका टोचणारा की इंजिनिअर ट्वीटरपुढे टिश्यू पेपर लावत. पण साउथहॅम्प्टन विद्यापीठाच्या अ‍ॅनेकोइक चेंबरमध्ये बऱ्याच मॉनिटरची तुलना झाली, तेव्हा त्याचं एक वेगळं मोजमाप पुढे आलं: खालच्या पट्ट्यात त्याचा आवाज फार लवकर थांबतो. पेटी बंद, पोर्ट (बेस वाढवणारं पेटीतलं भोक) नाही. किक थांबली की स्पीकरही थांबतो. पोर्टवाला मॉनिटर पोर्टच्या फ्रिक्वेन्सीपाशी थोडा रेंगाळतो आणि किक व बास गिटार एकमेकांत मिसळतात. फ्रिक्वेन्सीच्या आलेखात हे दिसत नाही, वेळेचा हिशेब दाखवणाऱ्या वॉटरफॉल किंवा ग्रुप डिलेच्या आलेखात दिसतं. आणि त्याचा फुगलेला मधला पट्टा? जिथे गायकाचा आवाज, गिटार आणि स्नेअर एकमेकांच्या जागेवर येतात तोच भाग तो मोठा करून दाखवायचा. म्हणजे इंजिनिअरांच्या कानांना जे पटत होतं ते मोजता येण्यासारखंच होतं, मोजणाऱ्यांनी चुकीची रेषा बघितली होती.

याच कारणाने मी स्पिनोरामावरून काढलेल्या गुणांच्या यादीवर डोळे झाकून खरेदी करू नका असं सांगतो. ऑलिव्हच्या सूत्रात जवळपास ३० टक्के वजन बेस किती खाली जातो याला आहे. पाच इंची मॉनिटर कितीही नीट बनवला तरी तिथे गुण गमावतो, आणि तुमच्या खोलीत तो बेस तसाही खोलीच्या हातात असतो. शिवाय त्या सूत्रात डिस्टॉर्शन (आवाज फाटणं) नाही, आवाजाची मर्यादा नाही, हिस (मॉनिटरची स्वतःची सळसळ) नाही. घरी ऐकणाऱ्यांच्या आवडीसाठी ते बनलं आणि त्या कामाला ते उत्तम आहे. मिक्सिंगवाल्याचे प्रश्न आणखी काही असतात.

त्यातला पहिला प्रश्न: किती जोरात, किती स्वच्छ. कोनाच्या हालचालीचा नियम कडक आहे. तेवढाच आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर कोनाला चौपट हलावं लागतं. १०० हर्ट्झला एक मिलिमीटर हलणारा कोन ५० ला त्याच आवाजासाठी चार मिलिमीटर मागतो. पोर्ट त्याला ठरावीक फ्रिक्वेन्सीपाशी मदत करतो, पण त्याच्या खाली कोन मोकाट सुटतो. म्हणून पाच इंची मॉनिटर ७५-८० डेसिबलला ४५ हर्ट्झ देतो आणि ९५ ला तोच बेस गिळून टाकतो, कधी आवाज रोखणारा लिमिटर आवळतो म्हणून, कधी पोर्टमधून हवा फुसफुसते म्हणून. चांगल्या परीक्षणात डिस्टॉर्शन ८६ आणि ९६ डेसिबल अशा दोन पातळ्यांवर दिलेलं असतं. दोन्ही शेजारी ठेवा. ९६ ला ८० हर्ट्झच्या खाली रेषा उसळणं स्वाभाविक आहे. पण ८६ लाच २०० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झमध्ये ती एक टक्क्याच्या वर घुटमळत असेल, तर तो मॉनिटर गायनाच्या कामाला नको.

तुम्हाला किती हवं, याचं गणित सोपं आहे. लहान खोलीत मिक्सिंगला खुर्चीपाशी ७४ ते ७६ डेसिबल सरासरी पुरते. त्याच्या वर संगीतातली शिखरं १८-२० डेसिबलने जातात, म्हणजे ९५ च्या आसपास. दोन मॉनिटर मिळून साधारण ३ डेसिबल वाढतात. तेव्हा प्रत्येकाने एक मीटरवर ९२-९३ डेसिबलचं शिखर न कण्हता द्यावं. तबला, हार्मोनियम, बासरी, गळा यांसाठी चांगला पाच किंवा साडेसहा इंची मॉनिटर हे करतो. ढोलताशाचं काम असेल तर नाही. ढोलाचा दणका मुख्यतः १०० हर्ट्झच्या खाली असतो आणि तिथे पाच इंची वूफर तुम्हाला दणक्याऐवजी त्याचं डिस्टॉर्शन ऐकवतो. डग्ग्याची घिस मात्र पाच इंचीवरही कळते, कारण मूळ सूर जिथे कमी पडतो तिथे वरच्या हार्मोनिकवरून कान तो भरून काढतात.

माहितीपत्रकातल्या आकड्यांपासून जपा. ‘३८ हर्ट्झ ते ३० किलोहर्ट्झ’ लिहिलेलं असतं, पण ३८ ला मॉनिटर १० डेसिबल खाली गेलेला असतो. कमाल आवाजाचा आकडा कधी जोडीचा असतो, कधी क्षणभराच्या शिखराचा, कधी भिंतीला टेकवून घेतलेला. किती डेसिबलच्या मर्यादेत, किती अंतरावर, एका मॉनिटरचा की दोघांचा, हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याची दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका. जेनेलेक आणि नॉयमान ही माहिती बारकाईने छापतात. नॉयमान तर आपल्या केएच मालिकेचे डिस्टॉर्शन, ग्रुप डिले, आडवी-उभी डायरेक्टिव्हिटी असे सगळे आलेख स्वतःच देते. विकणाऱ्याने मोजमाप उघड ठेवणं हाच मला एक गुण वाटतो.

हिस ही गोष्ट दुकानात कधीच कळत नाही. एसी चालू, बाहेर रहदारी, शेजारी कुणी गिटार तपासतंय. रात्री ११ वाजता तुमच्या खोलीत, कानापासून ८० सेंटीमीटरवर, गाण्यातली शांत जागा आली की ट्वीटरमधली सळसळ ऐकू येते. स्वस्त मॉनिटरमध्ये काटकसर होते ती बऱ्याचदा इथे. ईक्यूने ती जात नाही. परीक्षणात स्वतःच्या आवाजाचा आकडा दिलेला असेल तर तो बघा, नसेल तर परत करण्याची मुदत देणाऱ्याकडूनच घ्या आणि पहिल्याच रात्री घरी तपासा.

डाव्या-उजव्याची जुळणी हा मधे लपलेला खर्च आहे. महाग कंपन्या प्रत्येक नग कारखान्यात मोजतात आणि ठरलेल्या रेषेवर आणतात, म्हणून दोन वर्षांनी एक मॉनिटर बदलला तरी जोडी जुळते. स्वस्तात हे नशिबावर असतं. दोन मॉनिटरमध्ये २-३ किलोहर्ट्झला २ डेसिबलचा फरक असेल तर मधोमध ठेवलेला गळा एका बाजूला कलतो आणि तुम्ही पॅन चाळवत बसता. एक गोष्ट कानानेच तपासता येते: तंबोऱ्याचं चांगलं रेकॉर्डिंग मोनो करून आधी डाव्यावर, मग त्याच जागी ठेवलेल्या उजव्यावर ऐका. जवारीतून एकामागोमाग उमलणारे हार्मोनिक सलग ऐकू आले पाहिजेत. त्यातला एखादा पुढे येऊन रेंगाळत असेल तर तिथे पेटीचा किंवा कोनाचा रेझोनन्स आहे. दोघांवर वेगवेगळे हार्मोनिक पुढे येत असतील तर जोडी जुळत नाही. गळ्यासाठी तपासायचं तर ‘स’ आणि ‘श’ बरोबर ‘चांदणं’, ‘जसं’ यांतले दंत्य च आणि ज घ्या. ट्वीटर ६-८ किलोहर्ट्झला चढा असेल तर ते टोचतात आणि तुम्ही डी-एसर (‘स’चा टोचरेपणा कमी करणारा प्रोसेसर) इतका लावता की शब्द बोबडे होतात.

आता खोली, कारण तुमच्या ७० हजारांचा निकाल तिथे लागणार आहे. खोलीची मूळ फ्रिक्वेन्सी म्हणजे ध्वनीचा वेग भागिले दुप्पट लांबी. १२ फुटांसाठी ती ४७ हर्ट्झ येते, १० फुटांसाठी ५६, आणि स्लॅब साडेनऊ फुटांवर असेल तर उंचीसाठी ५९. शेवटच्या दोन एकमेकींना चिकटून आहेत. म्हणजे ५५ ते ६० च्या आसपास तुमच्या खोलीत बेस फुगणार आणि रेंगाळणार, मॉनिटर कुठल्याही किमतीचा असो. आरसीसीच्या भिंती, स्लॅब आणि व्हिट्रिफाइड टाइल्स हा बेस बाहेर जाऊ देत नाहीत. २०० हर्ट्झच्या खाली तुम्ही मॉनिटर कमी आणि खोली जास्त ऐकता. आठ इंची जोडी नको म्हणतो त्याचं हे एक कारण: ती जो जादा बेस देते तो याच फुगवट्यात जाऊन पडतो. दुसरं कारण वर आलंच, टू-वे (फक्त वूफर आणि ट्वीटर असलेल्या) आठ इंचीला २ किलोहर्ट्झपाशी डायरेक्टिव्हिटी सांभाळणं अवघड जातं. तिसरं, मोठ्या मॉनिटरला अंतर लागतं, आणि तुम्ही मीटरभरावर बसणार आहात.

मॉनिटर १० फुटी भिंतीकडे ठेवा, म्हणजे तुम्ही खोलीच्या लांबीत बघाल. खुर्ची बरोबर मध्यावर नको. १२ फुटांच्या मध्यावर ४७ हर्ट्झ जवळपास नाहीसा होतो. समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर कान ठेवून सुरुवात करा आणि तिथून पुढे-मागे सरकत बघा. मॉनिटर भिंतीपासून किती दूर, यावर बरेच जण अर्धवट सल्ला देतात. मॉनिटरच्या पुढच्या फळीपासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर चार पट केलं की ज्या तरंगलांबीचा आवाज भिंतीवरून उलटा येऊन मूळ आवाजाला खातो ती मिळते. फळी एक मीटर दूर असेल तर खड्डा ८६ हर्ट्झला पडतो, डग्गा आणि बासच्या ऐन जागी. ४५ सेंटीमीटरवर आणली तर तो १९० च्या आसपास जातो, आणि तिथे भिंतीवर लावलेलं चार इंची पॅनल काहीतरी करू शकतं. तेव्हा लहान खोलीत मॉनिटर भिंतीजवळच ठेवा. मागे पोर्ट असेल तर हातभर नाही, १० सेंटीमीटर मोकळी जागा पुरते. भिंतीमुळे बेस वाढतो, तो मॉनिटरच्या मागच्या स्विचने २ किंवा ४ डेसिबल उतरवा. ते स्विच त्याच कामासाठी आहेत.

फोमच्या एक-दोन इंची त्रिकोणी लाद्यांवर पैसे घालवू नका. त्या वरचा आवाज खातात आणि खालचा तसाच ठेवतात, त्यामुळे खोली बुजते आणि बेस आणखी फुगल्यासारखा वाटतो. ४८ डेन्सिटीचं रॉकवूल, चार इंच जाडी, लाकडी चौकट आणि वर हवा आरपार जाईल असं कापड. चार बाय दोन फुटांची आठ पॅनल सुताराकडून करून घेतली तर १५-२० हजारांत होतात. दोन बाजूच्या भिंतींवर पहिल्या परावर्तनाच्या जागी (जिथे मॉनिटरचा आवाज आपटून कानाकडे वळतो तिथे), दोन मॉनिटरमागे, बाकीची कोपऱ्यांत तिरकी. पुस्तकांनी खच्चून भरलेलं कपाट मागच्या भिंतीला असेल तर ते हलवू नका.

मग मोजमापाचा माइक. मिनीडीएसपीचा युमिक-१ यूएसबीवर चालतो आणि प्रत्येक नगाची कॅलिब्रेशन फाइल मिळते. रूम ईक्यू विझर्ड हा मोजमाप घेणारा प्रोग्राम फुकट आहे. प्रत्येक मॉनिटर वेगळा मोजा. दुरुस्ती फक्त २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली करा आणि फक्त डोंगर कापा, खड्डे भरू नका. खड्डा उलट्या आवाजाने पडलेला असतो. तुम्ही ६ डेसिबल वाढवलेत तर खाणारा आवाजही ६ डेसिबल वाढतो, हाती काही लागत नाही आणि वूफर मात्र दमतो. वरच्या पट्ट्यात खोलीतल्या मोजमापावरून रेषा सरळ करायला जाऊ नका. चांगल्या मॉनिटरची खोलीतली रेषा वरच्या बाजूला हळूहळू उतरलेलीच असते, कारण वरचा आवाज अरुंद जातो आणि भिंतींकडून कमी परत येतो. तिला जबरदस्तीने सपाट केलं तर समोरचा आवाज चढा होतो आणि तुमची सगळी मिक्स मंद निघतात.

किमतींकडे परत. दर बदलत असतात, तरी आजचं चित्र ढोबळमानाने असं. २५-३० हजारांच्या जोडीत समोरची रेषा चांगली मिळते, निवडून घेतली तर डायरेक्टिव्हिटीही मिळते; हिस आणि जुळणी यांत तडजोड असते. जेबीएल ३०५पी याच गटातला. ४० ते ५५ हजारांत साडेसहा इंची वूफर, कमी हिस आणि ५ ते ६ डेसिबल जादा ताकद येते, काली एलपी-६ च्या दुसऱ्या आवृत्तीसारखी. माझ्या मते दर रुपयामागे सगळ्यात जास्त फायदा याच टप्प्यात आहे. लाखापासून दोन लाखांपर्यंत, जेनेलेक ८०३० किंवा नॉयमान केएच १२० टू, तुम्ही जुळणी, अल्प डिस्टॉर्शन, शांत इलेक्ट्रॉनिक्स, अनेक वर्षं मिळणारे सुटे भाग आणि केएच १२० टू मध्ये खोलीनुसार कॅलिब्रेट होण्याची सोय यांचे पैसे देता. ते पैसे वाया जात नाहीत. पण उघड्या भिंतींच्या खोलीत त्यातला निम्मा भाग ऐकूच येणार नाही. त्याच्या वर तीन-वे आणि कोअ‍ॅक्सियल येतात. ज्याचा रोजचा धंदा मिक्सिंगचा आणि खोली तयार आहे त्याने तिकडे बघावं.

तेव्हा तुमचे ७० हजार: मॉनिटरवर ४०, पॅनलवर १५, माइकवर १२ पर्यंत, उरलेल्यात कान-पातळीला आणणारे स्टँड आणि दोन बॅलन्स्ड केबल. मॉनिटर आणि ऑडिओ इंटरफेस (संगणकातला आवाज मॉनिटरकडे नेणारा डबा) एकाच एक्स्टेंशनवर घ्या आणि घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनला तपासायला सांगा. आपल्याकडे मॉनिटर घुमतो म्हणून दुकानात परत जातो, त्यामागे बऱ्याचदा अर्थिंगच निघतं. ५० हर्ट्झच्या खालचं काम हेडफोनवर तपासा. सबवूफर खालच्या मजल्यावरच्यांच्या डोक्यावर वाजेल, तो सध्या नको.

अजून एक रस्ता तुमच्यापुढे आहे: याच पैशांत जुनी महाग जोडी. तीही चांगली निवड ठरू शकते, कारण चांगली पेटी आणि वेव्हगाईड म्हातारे होत नाहीत. म्हातारे होतात ते वूफरच्या कडेचा रबर किंवा फोम, अ‍ॅम्प्लिफायरमधले कपॅसिटर आणि समुद्राकाठच्या दमट हवेत गंजलेले कनेक्टर. मुंबई-कोकणातून येणारी जोडी असेल तर मागची प्लेट उघडून बघण्याची परवानगी मागा. तासभर चालू ठेवून ऐका, कारण कपॅसिटर गेलेला अ‍ॅम्प्लिफायर कधी सुरुवातीला, कधी गरम झाल्यावर घुमायला लागतो. आणि लॅपटॉप-माइक सोबत घेऊन जा: दोन्ही मॉनिटर आळीपाळीने एकाच जागी ठेवून स्वीप (खालून वर सरकणारा सूर वाजवून केलेलं मोजमाप) घ्या. ५०० हर्ट्झच्या वर दोघांत दीड-दोन डेसिबलपेक्षा जास्त फरक दिसला, तर भाव कितीही उतरवून दिला तरी ती जोडी घेऊ नका.